कोंबडीच्या आहारातील अमिनो आम्ले आणि तिच्या अंतरेंद्रियांचे आरोग्य

परसात मोकळी फिरणारी कोंबडी आपला आहार आपणच पुरा करते. अंगणात सांडलेले दाणे, उकिरड्यातील किडे, वाळवी, गांडुळे, कोवळा पाला असे नाना पदार्थ ती दिवसभर टिपत असते. धान्यातून जे मिळत नाही ते तिला किड्यांतून मिळते. परंतु हीच कोंबडी गादी पद्धतीच्या घरात किंवा पिंजऱ्यात कोंडली गेली म्हणजे तिचे निवडीचे स्वातंत्र्य संपते आणि ती जबाबदारी सर्वस्वी पाळणाऱ्यावर येते. खाद्याच्या भांड्यात जे पडेल तेच तिचे अन्न. त्यात एखादा घटक उणा पडला अथवा फाजील झाला, तर त्याचा भार प्रथम तिच्या यकृतावर, मूत्रपिंडांवर व आतड्यांवर पडतो. बाहेरून पाहणाऱ्यास पुष्कळ दिवस काहीच दिसत नाही. पुढे अंडी घटतात, पिले खुरटतात, एखाददुसरी चांगली धष्टपुष्ट दिसणारी कोंबडी सकाळी मरून पडलेली आढळते, आणि मग औषधांचा शोध सुरू होतो. वास्तविक दोष पुष्कळदा खाद्याच्या पोत्यात असतो.

खाद्य विकत घेताना किंवा घरी तयार करताना “यात प्रथिने किती टक्के आहेत?” असा प्रश्न बहुतेक कुक्कुटपालक विचारतात. हा प्रश्न योग्य आहे. पण तो अर्धाच आहे. ती प्रथिने कोणत्या अमिनो आम्लांची बनलेली आहेत, हा त्याचा दुसरा अर्धा भाग होय. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या भागाचा विचार केला आहे.

प्रथिने आणि अमिनो आम्ले

प्रथिन हा एकच पदार्थ नव्हे. सुमारे वीस प्रकारची अमिनो आम्ले निरनिराळ्या क्रमाने जोडली जाऊन निरनिराळी प्रथिने तयार होतात. कोंबडीने खाल्लेली प्रथिने पोटात व आतड्यात सुटी होऊन अमिनो आम्लांच्या रूपाने रक्तात जातात आणि त्यांपासून मांस, पिसे, रक्त, पाचक रस व अंडे यांची प्रथिने शरीर पुन्हा जुळविते. यांपैकी काही अमिनो आम्ले कोंबडी आपल्या शरीरात तयार करू शकते. परंतु लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन इत्यादी दहा अमिनो आम्ले तिला अन्नातूनच मिळाली पाहिजेत. यांतील मेथिओनिनचा शोध १९२२ च्या सुमारास म्यूलर या शास्त्रज्ञाने लावला, तर थ्रिओनिन १९३५ साली रोझ यांनी शोधून काढले.

यांपैकी एकही अमिनो आम्ल कमी पडले, तर बाकीची भरपूर असूनही त्यांचा उपयोग होत नाही. गाडीच्या चाकाचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट सहज ध्यानात येईल. एका चाकास बारा आरे लागतात असे समजा. सुताराजवळ तुंबे दहा आहेत, लोखंडी धावाही दहा आहेत, पण आरे मात्र चोवीसच आहेत. अशा वेळी चाके दोनच होणार. उरलेले सामान पडून राहणार. सुतार ते सामान पुढील हंगामासाठी ठेवू शकतो. कोंबडीच्या शरीराला तशी सोय नाही. उरलेली अमिनो आम्ले शरीरात साठवून ठेवता येत नाहीत. ती यकृतात मोडून टाकावी लागतात आणि त्यांतील नत्राचे युरिक आम्ल करून ते मूत्रपिंडांवाटे बाहेर घालवावे लागते. म्हणजे एका आम्लाच्या उणिवेमुळे वाढ तर खुंटतेच, शिवाय यकृत व मूत्रपिंडे यांच्यावर निष्कारण कामाचा बोजा पडतो. या विषयाचे सार याच एका गोष्टीत आहे.

यकृतावर होणारा परिणाम

आतड्यांतून शोषला गेलेला बहुतेक अन्नरस प्रथम यकृतात येतो. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या यकृतास आणखी एक मोठे काम असते. बलकातील स्निग्धांश तेथे तयार होतो आणि प्रथिनांच्या वेष्टनात बांधला जाऊन रक्तावाटे अंडाशयाकडे रवाना होतो. ही बांधणी व रवानगी सुरळीत चालण्यास मेथिओनिन आणि कोलीन यांची आवश्यकता असते. खाद्यात मका व कोंडा यांची रेलचेल असून ही द्रव्ये अपुरी असतील, तर स्निग्धांश यकृतातच साचत जातो.

असे यकृत पिवळे, मऊ व फुगीर होते. त्याच्या धारदार कडा बोथट होतात आणि बोटाने दाबताच ते चुरगळते. कधी अंडे घालताना जोर पडून ते फाटते व पोटात रक्तस्राव होऊन कोंबडी तत्काळ मरते. अशा कोंबडीचा तुरा फिकट दिसतो, पण अंग मात्र भरलेले असते. अमेरिकेत १९५६ साली या विकाराची प्रथम शास्त्रीय नोंद झाली. पिंजऱ्यातील कोंबड्यांत, विशेषतः उन्हाळ्यात, तो अधिक आढळतो. कारण हालचाल कमी आणि पिष्टमय अन्न अधिक, हेच त्याचे मुख्य कारण होय. अमिनो आम्लांची थोडी उणीव असल्यास कोंबडी ती भरून काढण्यासाठी अधिक खाते आणि अधिकच लठ्ठ होते, हेही येथे लक्षात ठेवावे. सबब केवळ मेथिओनिनची भुकटी घालून भागत नाही. कोंबड्यांची वजने करून त्या लठ्ठ होत आहेत असे दिसल्यास मक्याचे प्रमाणही बेताचे करावे लागते.

यकृताचे दुसरे कार्य विषांचा निरास करण्याचे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी यकृत बिघडून मेले. बराच शोध केल्यावर दोष भुईमुगाच्या पेंडीत सापडला. त्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीने जे विष निर्माण केले होते, त्यास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. अशा विषांना निष्प्रभ करण्यासाठी यकृत जे द्रव्य वापरते, ते सिस्टिन, ग्लायसिन आणि ग्लुटामिक आम्ल या तीन अमिनो आम्लांपासून बनते. आणि सिस्टिन मेथिओनिनपासून तयार होऊ शकते. म्हणून मेथिओनिन अपुरे असलेल्या पक्ष्यास बुरशीचे विष अधिक बाधते. तथापि मेथिओनिन हा या विषावरील उतारा नव्हे. बुरसलेली पेंड वाळवून, भाजून वा चांगल्या पेंडीत मिसळून निर्धोक होत नाही. ती खाद्यात घालूच नये.

मूत्रपिंडावर होणारा परिणाम

गाईम्हशींच्या शरीरातील निरुपयोगी नत्र युरियाच्या रूपाने भरपूर पाण्याबरोबर मूत्रावाटे बाहेर पडतो. पक्ष्यांस मूत्राशय नसते आणि ते नत्र युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा थर दिसतो, तो याच युरिक आम्लाचा. युरिक आम्ल पाण्यात फारच थोडे विरघळते. मूत्रपिंडे थकली किंवा पाणी कमी पडले, म्हणजे ते मूत्रनलिकांत साचते, आणि पुढे हृदय, यकृत व आतडी यांच्या आवरणावर खडूच्या पुडीसारखे पसरते. या विकारास गाऊट म्हणतात. मूत्रपिंडे सुजून फिकट होतात आणि त्यांवर पांढरी जाळी दिसते.

गाऊट दिसताच “प्रथिने जास्त झाली” असा निष्कर्ष काढण्याची पद्धत आहे. तो सर्वस्वी बरोबर नाही. निरोगी मूत्रपिंडे बरीच अधिक प्रथिने निभावून नेतात. पिण्याच्या पाण्याची टंचाई, अ जीवनसत्त्वाची उणीव, बुरशीची विषे, सांसर्गिक ब्रॉंकायटिसच्या काही जाती, आणि अंडी न देणाऱ्या तलंगांना अंड्यावरील कोंबड्यांचे चुनायुक्त खाद्य देणे, ही गाऊटची नेहमीची कारणे होत. परंतु यांपैकी एखाद्या कारणाने मूत्रपिंडे अगोदरच दुर्बल झाली असता असमतोल प्रथिनांचा बोजा पडला, तर तो असह्य होतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी भांड्यातील पाणी तापून कोंबड्या पिईनाशा होतात, त्या वेळी हा धोका विशेष असतो.

मूत्रपिंडाशी निगडित आणखी एक बाब आहे. युरिया तयार करण्याची जी व्यवस्था इतर प्राण्यांत असते, ती पक्ष्यांत अपुरी असल्यामुळे कोंबडी आर्जिनिन स्वतः तयार करू शकत नाही. खाद्यात लायसिन फाजील झाले, तर मूत्रपिंडातील आर्जिनिन मोडणारे विकर अधिक जोमाने काम करू लागते आणि आर्जिनिनची उणीव पडून पिलांची वाढ खुंटते. लायसिन चांगले म्हणून ते मूठभर अधिक घालणे किती चुकीचे आहे, हे यावरून कळून येईल.

स्वादुपिंड, आतडी आणि रोगप्रतिकार

आपल्या राज्यात सोयाबीनचे पीक सर्वत्र पसरल्यापासून घरचे कच्चे सोयाबीन दळून कोंबड्यांना घालण्याचा मोह होतो. सोयाबीनची प्रथिने उत्तम खरी; पण कच्च्या दाण्यात प्रथिने पचविणाऱ्या रसास अडविणारे एक द्रव्य असते. त्यावर मात करण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक पाचक रस निर्माण करू लागते व आकाराने वाढते. कच्चे सोयाबीन खाल्लेल्या पिलांची स्वादुपिंडे मोठी होतात, हे १९४८ साली प्रयोगाने दाखविण्यात आले. या पाचक रसात गंधकयुक्त अमिनो आम्ले पुष्कळ असतात. ती विष्ठेवाटे वाया जातात आणि आधीच कमी असलेले मेथिओनिन अधिकच कमी पडते. योग्य उष्णता दिल्याने हे द्रव्य नष्ट होते. मात्र दाणा करपेपर्यंत भाजल्यास त्यातील लायसिन निकामी होते. म्हणून कारखान्यातून योग्य रीतीने तयार झालेली पेंड वापरणे हाच सुरक्षित मार्ग होय.

आतड्यांच्या आतील बाजूस एक बुळबुळीत अस्तर असते. रोगजंतू आणि रक्ती हगवणीचे परोपजीवी यांना ते पहिला अडसर घालते. या अस्तरातील प्रथिनांत थ्रिओनिनचे प्रमाण फार असते. ते अपुरे पडल्यास अस्तर विरळ होते व आतड्यांचा बचाव ढिला पडतो.

कोवळ्या पिलाच्या गुदद्वारावरील बाजूस, आतल्या अंगाला, बर्सा नावाची एक लहानशी पिशवी असते. रोगाशी झुंज देणाऱ्या पेशी तेथे परिपक्व होतात. मेथिओनिनच्या तीव्र उणिवेत या पिशवीतील पेशी विरळ होतात व लसीचा परिणाम उणा होतो. राणीखेत किंवा गंबोरो रोगाची लस वेळेवर टोचूनही कळपात रोग आला, तर लस व थंड पेटी यांच्या चौकशीबरोबर खाद्याचीही चौकशी करावी.

समान प्रथिने, असमान परिणाम

आता आपल्याकडील खाद्यवस्तूंचे गुणदोष पाहू. शंभर ग्रॅम प्रथिनांत लायसिन व मेथिओनिन साधारणतः किती असते, याचे स्थूल मान असे:

मका — लायसिन ३ ग्रॅम, मेथिओनिन २ ग्रॅम.
भुईमुगाची पेंड — लायसिन ३.५ ग्रॅम, मेथिओनिन १ ग्रॅम.
सोयाबीनची पेंड — लायसिन ६ ग्रॅम, मेथिओनिन १.४ ग्रॅम.
तिळाची पेंड — लायसिन २.५ ग्रॅम, मेथिओनिन २.७ ग्रॅम.
मासळीची भुकटी — लायसिन ७.५ ग्रॅम, मेथिओनिन २.८ ग्रॅम.

यावरून असे दिसेल की, भुईमुगाची पेंड दोन्ही बाबतींत दुबळी आहे. सोयाबीन लायसिनमध्ये संपन्न पण मेथिओनिनमध्ये उणे आहे. तीळ नेमका याच्या उलट आहे. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी, हेच मिश्रणाचे मर्म होय.

उदाहरणादाखल अंड्याच्या जातीच्या पिलांचे पहिल्या सहा आठवड्यांचे खाद्य घेऊ. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार त्यात प्रथिने १८ टक्के, लायसिन ०.८५ टक्के आणि मेथिओनिन ०.३० टक्के असावे. पहिल्या मिश्रणात मका ७० किलो, भुईमुगाची पेंड २८ किलो व क्षारमिश्रण २ किलो घेतले. प्रथिने जवळजवळ १८ टक्के भरतात. परंतु हिशेब केल्यास लायसिन सुमारे ०.५९ टक्के व मेथिओनिन सुमारे ०.२५ टक्केच निघते. दुसऱ्या मिश्रणात मका ६९ किलो, सोयाबीनची पेंड २२ किलो, तिळाची पेंड ७ किलो व क्षारमिश्रण २ किलो घेतले. येथेही प्रथिने १८ टक्क्यांच्या आसपासच आहेत. पण लायसिन जवळपास ०.८५ व मेथिओनिन ०.३३ टक्क्यांवर जाते. पोत्यावरील प्रथिनांचा आकडा दोहोंचा एकच. पहिल्यात मात्र पिले खुरटतील आणि न वापरल्या गेलेल्या अमिनो आम्लांचा भार यकृत व मूत्रपिंडे यांना वाहावा लागेल. मालाच्या प्रतीनुसार हे आकडे बदलतात, जीवनसत्त्वे व इतर द्रव्ये वेगळी घालावी लागतात, तेव्हा प्रत्यक्ष मिश्रण पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने ठरवावे. तिळाच्या पेंडीतील काही द्रव्ये चुना व जस्त बांधून ठेवतात. म्हणून ती शेकडा दहाच्या आत ठेवावी.

अंड्यावरील पूर्ण वाढ झालेल्या हलक्या जातीच्या कोंबडीस वरील कोष्टकाप्रमाणे रोज सुमारे ६९० मिलिग्रॅम लायसिन आणि ३०० मिलिग्रॅम मेथिओनिन लागते. शंभर ग्रॅम खाद्यातून हे मिळाले पाहिजे. उन्हाळ्यात ती ऐंशी ग्रॅमच खात असेल, तर तेवढ्या खाद्यात हीच मात्रा बसवावी लागते. म्हणजे प्रथिनांचा ढीग न वाढविता त्यांची प्रत वाढवावयाची.

तयार भुकटीचा वापर

मेथिओनिन व लायसिन आता भुकटीच्या रूपाने बाजारात मिळतात. त्यांच्या साह्याने एकूण प्रथिने थोडी कमी ठेवूनही समतोल साधता येतो. त्यामुळे विष्ठेतील नत्र घटतो, गादी कोरडी राहते आणि डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबणारा अमोनिया कमी होतो. तथापि ही द्रव्ये तोलूनच घातली पाहिजेत. ०.०५ टक्के उणीव म्हणजे एका क्विंटलमागे केवळ ५० ग्रॅम भुकटी. एवढीशी भुकटी प्रथम एक किलो मक्याच्या पिठात, मग ते पीठ दहा किलो खाद्यात, आणि शेवटी ते सर्व खाद्यात कालवावे. एकाच ठिकाणी पडलेली भुकटी काही कोंबड्यांना फाजील होईल व काहींना मिळणारच नाही. अमिनो आम्लांमध्ये अतिरेकाने सर्वांत अधिक अपाय करणारे मेथिओनिनच आहे, याचा विसर पडू देऊ नये.

ग्रामसेवकाने काय पाहावे

१. दर आठवड्यास दहा-वीस पक्ष्यांचे वजन करून नोंद ठेवण्यास सांगावे. त्यात लहानमोठेपणा फार असेल, तर खाद्य व खाद्याच्या भांड्यांची जागा तपासावी.

२. पिसे विरळ व खरखरीत असणे, एकमेकांची पिसे उपटून खाणे, अंड्यांचा आकार घटणे, ही मेथिओनिनच्या उणिवेची सूचना असू शकते. मात्र गर्दी, प्रखर उजेड व उवा याही गोष्टी पाहाव्यात.

३. पेंडीचे पोते हाताने उघडून वास घ्यावा. कुबट वास, हिरवट-पिवळी बुरशी वा गठ्ठे दिसल्यास ते पोते बाजूला काढावे. मात्र डोळ्यांना न दिसणारे विषही असू शकते, म्हणून शंका येताच नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावीत.

४. तलंगांना अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य वेळेपूर्वी सुरू केलेले नाही ना, हे विचारावे.

५. गार, स्वच्छ पाणी दिवसभर उपलब्ध असावे. उन्हाळ्यात ते दोन-तीन वेळा बदलावे.

६. मेलेला पक्षी गावात फाडून पाहू नये. तो पिशवीत बांधून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. एकदम पुष्कळ पक्षी मेले, तर ते हलवूही नयेत; पशुधन अधिकाऱ्यास तत्काळ कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, त्या वेळी आलेला अनुभव विसरता येण्यासारखा नाही. तपासणीत यकृत पिवळे किंवा मूत्रपिंडे पांढरट निघाली, तर खाद्याचा नमुना व त्यातील वस्तूंचे प्रमाण डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

कुक्कुटपालनाच्या एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून दोनशे-पाचशे पक्ष्यांचा जोडधंदा उभारला आहे, त्याचा नफा-तोटा या पोत्यावरच अवलंबून राहतो. तेव्हा स्वस्त पेंडीचे आमिष अथवा “जितकी प्रथिने अधिक तितके चांगले” ही समजूत, या दोहोंपासून त्याने दूर राहावे. कोंबडीस प्रथिनांची रास नको आहे. योग्य अमिनो आम्ले, योग्य प्रमाणात, रोजच्या रोज हवी आहेत. ती मिळाली म्हणजे यकृत व मूत्रपिंडे यांचे काम हलके होते, आणि खाल्लेल्या दाण्याचे अंडे होते.